निरलंकारवादाचं उदाहरण

"माझं नाव कुठाय?" कवीने विचारलं.

टेबलावर साहित्यसंज्ञांच्या कोशाचं शेवटचं प्रूफ पसरलं होतं. कोशाची संपादक, म्हणजे कवीची धाकटी बहीण, लाल पेन्सिलीला टोक करत बसली होती. बारा वाजता छापखान्याचा माणूस हे कागद न्यायला येणार होता आणि पावणेबारा होऊन गेले होते.

कवीने 'निरलंकारवाद' ही नोंद तिसऱ्यांदा वाचली. 'कवितेत अलंकार नकोत, साधी विधानं हवीत असं मानणारी चळवळ. सुरुवात नऊ ओळींच्या जाहीरनाम्याने झाली.' पुढे 'उदा.' एवढंच, आणि त्यापुढे कोरी जागा. या चळवळीचा जनक म्हणून त्याने चाळीस वर्षं गळ्यात हार घालून घेतले होते.

"नाव उदाहरणाखाली येतं, दादा," बहीण म्हणाली. "कोशाची रीतच आहे ती. ज्याची ओळ, त्याचं नाव. उदाहरणच सापडलं नाही."

"अगं, माझे सात संग्रह आहेत!"

"सातही वाचले."

त्याने डोळे मिटले आणि सभेत म्हणतात तसं म्हटलं, "भूक धुमसते ओल्या लाकडासारखी..."

"उपमा."

"शहर हा उपाशी लांडगा आहे."

"रूपक."

"भिंती पाठ फिरवून रडतात!"

"चेतनगुणोक्ती. दादा, पुढच्या ओळीत त्या हसतातसुद्धा."

तो न विचारताच खुर्चीत बसला. माणूसच तसा होता. घरात पाणी मागायचं तरी 'घशाचं वाळवंट झालंय' म्हणायचा, आणि बाहेर जाऊन साधेपणावर व्याख्यानं झोडायचा. लोक माना डोलवायचे.

आता त्याने आवाज लोण्यासारखा मऊ केला. "चिमे, एवढा कोश एकटीने केलास. तुझ्यासारखी तूच."

"अनन्वय."

"यात नाव नसेल तर मी मेलो म्हणून समज."

"अतिशयोक्ती," ती म्हणाली आणि पेन्सिलीचं टोक बोटाला लावून पाहिलं. तिला मजा येत होती. चौदा वर्षं ती या कोशावर राबली होती. 'अ' पासून सगळं नेटाने केलं, पण 'न' जवळ आला तेव्हा तिला रात्री झोप लागेना.

नाव नसणं ही काही थट्टा नव्हती. पुढची पन्नास वर्षं शिकणारे आणि शिकवणारे याच कोशावरून उतरवून घेणार, हे कवीला पक्कं ठाऊक होतं. इथे नसलेला माणूस कुठेच नसणार होता. तो एकदम पुढे वाकला.

"मग जाहीरनाम्यातलीच एक ओळ घे की! त्यात औषधालासुद्धा अलंकार नाही."

"खरंच नाही," ती म्हणाली. "घेते. ज्याची ओळ, त्याचं नाव. कुणाचं घालू?"

कवीने घड्याळाकडे पाहिलं. बाराला सात मिनिटं होती.

"माझ्या वहीचं मधलं पान होतं ते," ती म्हणाली. "मी एकोणीस वर्षांची होते. तू फाडून नेलंस आणि आठवड्याने ते छापून आलं. मी रडले तर आई म्हणाली, भावाचं नाव झालं म्हणजे तुझंच झालं. जन्मभर आयत्या पिठावर रेघोट्या मारल्यास, दादा."

"म्हणजे सूड उगवतेस."

"हो."

एवढं सरळ उत्तर येईल असं त्याला वाटलं नव्हतं. तो उठला, दार लोटून आला आणि टेबलावर दोन्ही हात टेकून, दात खात, अगदी हळू बोलला.

"तो जाहीरनामा मी लिहिलेला नाही. मी माझ्या बहिणीचं पान चोरलं. हेच ऐकायचं होतं ना तुला?"

ती दोन वाक्यं तिने मनात घोळवून पाहिली, चौदा वर्षं हजारो ओळी तपासल्या तशीच. उपमा नाही, रूपक नाही, अतिशयोक्ती तर नाहीच. मग तिने प्रूफ पुढे ओढलं, 'उदा.' पुढच्या कोऱ्या जागेत ती दोन वाक्यं सुवाच्य अक्षरात उतरवली आणि खाली त्याचं नाव लिहिलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. कागद फिरवून तिने त्याच्यापुढे सरकवला आणि शेजारी खोडरबर ठेवला.

"हे छापणार तू?"

"तुझीच ओळ आहे. नको असेल तर खोड. पण ओळ गेली की नावही जाईल."

त्याच्या कपाळावर घाम आला होता. तिला त्याची कीव आली नाही, आणि येत नाही हे पाहून तिला फार बरं वाटलं.

दारावर टकटक झाली. छापखान्याचा माणूस आत येऊन उंबऱ्यापाशी उभा राहिला. कवीने खोडरबर उचलला, वाक्यांवर टेकवला. मग त्याची नजर खाली आपल्या नावावर गेली. ते त्याने एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. खोडरबर त्याने होता तिथे परत ठेवला आणि घसा खाकरला.

"नावाआधी निदान 'महाकवी' तरी घालशील?"

"नाही," ती म्हणाली आणि कागद छापखान्याच्या माणसाच्या हातात दिला. "'कवीने नावाआधी बिरुद लावू नये.' माझ्या जाहीरनाम्याची पहिलीच ओळ आहे, दादा."