शेजारच्या सीटवरचा आवाज

"उजवं वळण, अवघड. सावकाश," उज्वला म्हणाली, आणि अल्तमशनं पाय जरासुद्धा उचलला नाही.

गाडीचा मागचा भाग घसरला, लाल माती काचेवर उडाली, पण वळण पार पडलं. ती म्हणाली तितकं ते अवघड नव्हतंच. सकाळपासून असंच चाललं होतं. अल्तमशच्या मनात आधी नुसती शंकेची पाल चुकचुकली होती. आता तिनं तिथं ठाणच मांडलं होतं.

मालेगावचा अल्तमश शर्यतींना नवा नव्हता. ड्रॅग रेस त्यानं मारल्या होत्या. तिथं दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागला की पाय दाबायचा, आणि श्वास सोडेपर्यंत निकाल लागलेला असतो. मग तो कोइमतूरच्या ट्रॅकवर गेला. तिथं सगळ्या गाड्या एकदम सुटतात, त्याच रस्त्यावर फेऱ्या मारतात, आणि मागून घुसू पाहणारा आरशात दिसत राहतो. कुणावर नजर ठेवायची ते ठाऊक असतं. रॅलीचं सगळंच निराळं. इथं गाड्या एकेक करून सोडतात. प्रतिस्पर्धी दिसतच नाही. डोंगरातला रस्ता पाठ नसतो. शेजारी बसलेला नॅव्हिगेटर पुढचं वळण वाचून सांगतो आणि ड्रायव्हरनं ते डोळे झाकून मानायचं.

नेमकं तेच अल्तमशला जमत नव्हतं, कारण शेजारी उज्वला होती.

देवळ्याची उज्वला कित्येक वर्षं संतोषच्या गाडीत बसायची. संतोष म्हणजे नाशिकचा नावाजलेला रॅलीवाला, दरवर्षी कप घरी नेणारा. या मोसमात ती त्याला सोडून अल्तमशकडं आली. का, ते तिनं सांगितलं नाही. जिंकणाऱ्याची गाडी सोडून नवख्याच्या गाडीत कोण बसतं? मित्र म्हणाले होते, ती संतोषचीच माणूस आहे, तुला दरीत घालेल. तेव्हा अल्तमश हसला होता. पण आज सकाळी घोटीला, तंबूच्या मागं, ती संतोषच्या नव्या नॅव्हिगेटरशी, राजूशी, हळू आवाजात बोलताना त्याला दिसली. तो जवळ जाताच दोघं गप्प झाले. तेव्हापासून तिचा प्रत्येक 'सावकाश' त्याला खोटा वाटू लागला.

हा शेवटचा टप्पा होता. संतोष आघाडीवर, म्हणून त्याची गाडी आधी सुटली होती. अल्तमश दुसरा, अगदी थोडक्यानं मागं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला उतार. संतोषच्या गाडीची धूळ पडद्यासारखी हवेत लटकत होती, आणि त्या पडद्यात नाइलाजानं तिच्या आवाजावर गाडी हाकावी लागत होती. अल्तमशला त्याचीच चीड येत होती.

एक वळण संपलं आणि समोर लख्ख मोकळा रस्ता उघडला. पार पुढच्या टेकडीपर्यंत दिसत होतं. अल्तमश सुखावला. आता तिची गरजच नव्हती.

"थांब," हेल्मेटमधल्या स्पीकरमधून उज्वलाचा आवाज आला. "गाडी थांबव."

म्हणजे आता उघडच सुरू झालं, असं त्याला वाटलं. त्यानं वेग वाढवला.

"रस्ता मोकळा आहे ताई. कुणासाठी थांबवू? संतोषसाठी?"

ती आवाज न चढवता म्हणाली, "माझ्यावर विश्वास ठेवू नको. हवा बघ. तो पुढं गेला असता तर इथं धूळ असती."

त्यानं पाहिलं. हवा धुतल्यासारखी स्वच्छ होती. बाई खोटं बोलू शकते, धूळ कशाला बोलेल? त्यानं ब्रेक दाबला.

उज्वला लाल त्रिकोण घेऊन मागच्या गाड्यांना अडवायला पळाली. अल्तमश वळणापाशी परत आला. कडेची झुडपं मोडली होती, आणि खाली, उताराच्या तळाशी, संतोषची गाडी उलटी पडली होती. ट्रॅकवर गाडी उलटली तर झेंडेवाले धावतात, बाकीच्यांनी थांबायचं नसतं. इथं मागून येणाऱ्या गाडीशिवाय कुणीच नव्हतं. तो घसरत खाली उतरला.

राजू एका हातानं दार ओढत होता. दुसरा हात लोंबत होता. पेट्रोलचा वास सुटला होता. राजू रडत सांगू लागला, ताईनं सकाळीच बजावलं होतं की हा 'सावकाश' म्हटलेलं ऐकत नाही, त्याच्या कानात ओरड. तो ओरडला होता. उपयोग झाला नव्हता.

दोघांनी पट्टा कापून संतोषला बाहेर ओढलं. जेमतेम बाजूला नेलं असेल-नसेल, गाडीनं पेट घेतला.

वर एकामागून एक गाड्या थांबत होत्या. शर्यत तिथंच संपली होती. उज्वला खाली आली आणि तिनं पाण्याची बाटली संतोषच्या ओठांना लावली. संतोषनं तिच्याकडं पाहिलं नाही. तो अल्तमशकडं बघत राहिला.

"हिनं थांब म्हटलं आणि तू थांबलास?"

"लगेच नाही," अल्तमश म्हणाला.

संतोषनं डोळे मिटले.

"मी थांबलोच नव्हतो. गेल्या वर्षी, पेठच्या घाटात. खाली उलटलेल्या गाडीत दोघं अडकली होती, आणि ही माझ्या शेजारी ओरडत होती. त्या दिवसापासून ही माझ्या गाडीत बसली नाही."