घरची तालीम

दिवसा अग्रलेख आणि संध्याकाळी नाटक, असा नवऱ्याचा संसार होता. बायको घरात पोटतिडकीने जे बोलायची, ते त्याच्या नाटकात यायचं आणि त्यावर थिएटरात लोक पोट धरून हसायचे. वर घरच्या तालमीलाही तीच. इथे उभी राहा, तिकडे बघ, आता रड.

एक दिवस ती बॅग भरून दारात उभी राहिली. "तुमच्या नाटकांत माझा जीव गुदमरलाय. मी चालले."

लिहिता लिहिता तो ताडकन उठला. डोळ्यांत चक्क पाणी. "थांब, जाऊ नकोस!"

ती विरघळली.

"हेच पुन्हा म्हण. फक्त बॅग डाव्या हातात घे आणि जरा प्रेक्षकांकडे वळ."



सवयीने बॅग डाव्या हातात गेलीसुद्धा.