मालक येईपर्यंत

"मालक आल्याबिगर रेकाट देनार नाय," गिरजाबाई म्हणाल्या आणि पाहुण्याला आत घेऊन त्यांनी दाराला आतून कडी घातली.

अरविंद कर्णिकने सुस्कारा सोडला. वर्षभर तो दर रविवारी वाशीहून स्कूटर काढून शिरवण्याला येत होता आणि हेच वाक्य ऐकून परत जात होता. आता बाई खिडकी लावणार. मग ग्रामोफोनच्या पेटीला चावी देणार. मग एकच रेकॉर्ड, एकच बाजू. मे महिन्याच्या उकाड्यात, बंद खोलीत, घाम पुसत ऐकायची.

पण रेकॉर्ड होतीच तशी. लढाईच्या काळात कलकत्त्याला उतरलेल्या कुणा अमेरिकन सोल्जरने माउथ ऑर्गनवर वाजवलेला जॅझ. मागे फक्त पियानो. एकेक सूर असा वाकवलेला, की वाटावं, माणूस बोलता बोलता हुंदका गिळतोय. या रेकॉर्डच्या मोजक्याच प्रती निघाल्या होत्या. माउथ ऑर्गनच्या जॅझने अरविंदचं कपाट भरलं होतं, पलंगाखालची जागा भरली होती, बायकोचा संयम संपला होता. ही एक मात्र मिळत नव्हती. आणि मिळाली ती कुठे, तर जिथे सिडकोचे रस्ते अजून खडीवरच होते, तिथल्या एका गावात. भंगारवाल्या गोटीरामने पत्ता दिला तेव्हा अरविंदला खरंच वाटलं नव्हतं.

"मावशी, बदल्यात नवा रेडिओ देतो."

"रेडिवा नको. ज्याची वस्तू त्याला इचार."

"ते कुठे आहेत?"

"दर्यावर. बोटीवर खानसामा हाय. हे रेकाट त्यानंच आनलं." गिरजाबाईंनी पदराने पेटीवरची धूळ पुसली. "त्यानं घरात आनलेली येवडीच चांगली वस्तू."

"नाव सांगा त्यांचं. मी चौकशी करतो."

त्यांनी पेटीचं झाकण लावून घेतलं. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे अरविंदला ठाऊक होतं, तरी त्याचा चरफडाट झाला. अशाने काम व्हायचं कसं?

"नको शोदू, सायब," त्या हळूच म्हणाल्या. "दर्या केवडा, मानूस केवडा. येल तवा येल."

संध्याकाळी अरविंदच्या घरी दिलीप प्रधान आला. वाशीत जॅझच्या रेकॉर्डी जमवणारे हे दोघेच. मित्रही आणि वैरीही.

"अजून नाही मिळाली?" दिलीप हसला. "तुला गुंडाळतेय रे ती बाई. नवरा कसला? कधीच बुडाला असेल. पुढच्या रविवारी मी जातो. बघ, कशी घेऊन येतो ते."

अरविंदचा चहा तिथेच कडू झाला. इतके रविवार घालवायचे आपण, गिरजाबाईंचं रॉकेल आणायचं आपण, पेटीच्या पिना शोधत चोरबाजारात फिरायचं आपण, आणि रेकॉर्ड जायची याच्या कपाटात!

पेटीच्या झाकणावर रंगाने एक नाव लिहिलेलं त्याने पाहिलं होतं. इंग्रजी अक्षरं. गिरजाबाईंना वाचता येत नव्हती. भगवान भोईर. बोटीचंही नाव होतं. त्याने बँकेतून रजा काढली आणि बंदरावरची ऑफिसं पालथी घातली. एकाने दुसऱ्याकडे धाडलं, दुसऱ्याने उद्या या म्हणून सांगितलं. उद्या गेला तर साहेब जेवायला गेलेले. वैतागून तो परत फिरणार, तेवढ्यात एका म्हाताऱ्या शिपायाने नाव ऐकून माझगावातल्या खलाशांच्या एका खोलीचा पत्ता सांगितला.

भगवान भोईर तिथेच होता. बोटीवरची नोकरी कधीच सुटली होती त्याची. इस्त्रीचा सदरा, चापून बसवलेले केस, बोलणं अगदी मऊ. त्याने अरविंदला खुर्ची दिली, खालून चहा मागवला. रेकॉर्डची गोष्ट सांगताना गिरजाबाईंचं नाव निघालं, तशी त्याच्या हातातली बशी थांबली.

"जित्ती हाय?" त्याने विचारलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती वरसं शोधतोय तिला, सायब. कुटं हाय?"

"शिरवण्याला. देवळामागची शेवटची खोली."

भगवानने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. बराच वेळ सोडला नाही. "रेकाट तुमचंच. माजं मानूस मला गावलं. रयवारी येतो."

रविवारी अरविंद सकाळीच निघाला. दिलीपच्या आधी पोचायचं होतं, आणि ही बातमी स्वतःच्या तोंडाने द्यायची होती. वर्षभराचा वैताग कुठल्या कुठे गेला होता. स्कूटरवर तो तीच धून शिळेवर वाजवत होता. इतके दिवस आपण या बाईवर चिडत होतो याची त्याला थोडी लाजही वाटली.

"मावशी, तोंड गोड करा! तुमचे मालक सापडले. माझगावात आहेत. मी पत्ता दिलाय, दुपारच्या बसने येतायत."

 गिरजाबाई उठल्या. पेटीतून रेकॉर्ड काढली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली.

"घे. बोलली व्हती."

 अरविंदने रेकॉर्ड छातीशी धरली. गिरजाबाई ट्रंक उघडून लुगडी बाहेर काढत होत्या. नवरा येणार म्हणून चांगलं नेसायचं असेल, त्याच्या मनात आलं.

"सावकाश आवरा मावशी. अजून दुपार कुठे झालीय."

त्यांनी सगळी लुगडी एका गाठोड्यात बांधली. पेटत्या चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं. बाहेर येऊन दाराला कुलूप घातलं आणि ओढून पाहिलं.

"देवळात निघालात?" अरविंदने विचारलं.

"त्याच्यापायी तीन गावं बदलली मी, सायब," गाठोडं डोक्यावर घेत गिरजाबाई म्हणाल्या. "तो आला का सांग त्याला, गिरजा मेली."