एकच ड्रम, दोनदा

स्वरलिपी लिहायच्या सॉफ्टवेअरने पुन्हा विचारलं, हा ड्रम आधीच घातलेला आहे, तरी घालायचा? म्हाताऱ्याने पुन्हा ‘हो’ दाबलं. इतक्यांदा तर त्याला बायकोनेही कधी काही विचारलं नव्हतं.

ड्रमच्या लिपीत रेघ म्हणजे सूर नव्हे, जागा. टिंब कुठल्या रेघेवर आहे ते बघायचं आणि त्या ड्रमवर काठी मारायची. कुठल्या ड्रमला कुठली रेघ, टिंब कसलं, त्याची दांडी वर की खाली, हे सॉफ्टवेअरमध्ये आपल्या मनासारखं ठरवता येतं. म्हाताऱ्याने समोरचा छोटा ड्रम दोनदा ठरवला. एकदा गोल टिंब, दांडी खाली. एकदा त्रिकोणी टिंब, दांडी वर. मग झांजही तशीच दोनदा. गोल त्याचे, त्रिकोणी लेकीचे. पायाचा ड्रम मात्र एकदाच, त्याचा. लहानपणी तिचे पाय तिथवर पोचायचे नाहीत, तेव्हापासूनची ही वाटणी.

एका बाकड्यावर शेजारी बसून दोघांनी वाजवायची, अशी दोन पानांची ती रचना होती. लेक पुढच्या महिन्यात येणार होती. ‘दोघांसाठी’ असं वर लिहायचं त्याने मुद्दाम टाळलं. एका प्रकाशकाकडे लोकांच्या स्वरलिप्या नीटनेटक्या मांडून देणं हाच तिचा धंदा. दांड्या बघून तिला नाही कळणार तर कुणाला? “जरा मांडणी बघ,” एवढंच लिहून त्याने फाईल पाठवली.

दुपारी दुरुस्त केलेली फाईल आली, आणि पाठोपाठ तिचा फोन.

“बाबा, अहो काय गोंधळ घातलात! छोटा ड्रम दोनदा, झांज दोनदा. सॉफ्टवेअर ओरडलं नाही तुमच्यावर?”

“ओरडलं की. पण आम्ही ड्रमवाले. आवाजाला भीत नाही.”

ती हसली. मागे नळ वाहत होता, भांडी वाजत होती. “असू दे. मी दोन्ही एकत्र केलंय. सगळी टिंबं गोल, दांड्या एका बाजूला. काही ठिकाणी दोन हात पुरत नव्हते, तिथले ठोके काढून टाकले. आता कसं, एकट्याला आरामात वाजवता येईल.”

म्हाताऱ्याने पडद्याकडे बघितलं. मांडणी देखणी होती, नाव ठेवायला जागा नव्हती. त्रिकोण एकही उरला नव्हता.

“बाबा? आवडलं नाही का?”

“छान झालंय. हात बसलाय तुझा.”

“मग वाजवा ना, मी ऐकते. आणि बाबा… पुढच्या महिन्याचं काही जमेलसं दिसत नाहीये. साहेब रजेचं नाव काढू देत नाही.”

“बरं,” म्हातारा म्हणाला. “कामं असतात.”

त्याने फोनचा आवाज मोठा केला आणि तो खिडकीत ठेवला. बाकड्यावर बसला; बसताना सवयीने डाव्या टोकाला सरकला. मग वाजवायला लागला. चार ठोके वाजवले आणि काठ्या उचलून धरल्या.

“थांबलात का? पुढे तर लिहिलंय.”

“थांबलो नाही. पुढचं तुझं आहे.”

“माझं कुठलं?”

त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तीच जागा आली, काठ्या तशाच वर राहिल्या. फोनमधून नुसतं पाणी वाहत होतं. त्याने तिसऱ्यांदा सुरुवात केली, तेव्हा पलीकडे नळ बंद झाला.

मग टक, टक. ओट्यावर, बहुतेक चमच्याने.

तिचे ठोके लांबून येत होते, त्यामुळे जरा उशिरा पडत होते. लय सोडली म्हणून भल्याभल्या गवयांना भर तालमीत झापणारा म्हातारा काठी हवेत धरून बसला, आणि तिचा ठोका येईपर्यंत त्याने आपला पुढचा वाजवला नाही.