बायकांची रांग

स्तनांच्या तपासणीची रांग बायकांची. तिच्यात उभं राहण्यापेक्षा मेलेलं बरं, असं रंगराव वस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. जन्मभर तालमीच्या लाल मातीत उघड्या अंगानं वावरलेला हा माणूस छाती बाईसारखी वाढायला लागल्यापासून घरातही सदरा काढत नव्हता. त्यात गणपतीत डावीकडं गाठ लागली.

मग नंबर धरायला त्यांची बायको, पारूबाई, उभी राहायची. वस्ताद शेजारच्या बाकावर तोंडाला टॉवेल लावून बसायचे. रांगेतल्या बायका पारूबाईंना विचारायच्या, "गाठ कधीपासनं हाय?"

"दिवाळीपासनं."

"दुखती?"

"न्हाई. वाढाय लागलीय पण."

नवऱ्याची अब्रू झाकायला ही किती सहज खोटं बोलते, अगदी महिनासुद्धा मनाचा सांगते, याचं वस्तादांना कौतुक वाटायचं.

गाठीतून काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आज आला. "कॅन्सर नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुरुषांची छाती वाढली की आत असे साधे बदल होतात. घाबरायचं कारण नाही."

वस्तादांनी कित्येक महिन्यांनी छाती भरून श्वास घेतला. "चल गं, ऊठ. सुटलीस बघ खोटं बोलण्यातनं!"

पारूबाई उठल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघून म्हणाल्या, "आधी तुमचं निस्तरू दे म्हटलं. त्या बायकांना मी माझंच सांगत हुते."