सोमवार-गुरुवारचे सिनेमे

“यंदाचा पहिला नंबर, बंगल्यातल्या भुताला!” अक्षतानं जाहीर केलं आणि उजवा हात वर केला. डावा वर करायची सोय नव्हती. त्यात दोन सुया होत्या, आणि तिचं रक्त शेजारच्या मशीनमध्ये जाऊन, स्वच्छ होऊन परत येत होतं.

“भूत कसलं? ती त्या घरातली नर्सच होती,” पलीकडच्या कॉटवरून आनंदीबाई म्हणाल्या. “माझ्याकडून दहापैकी दोन. तेही बंगल्याला.”

कोथरूडच्या त्या हॉस्पिटलात सोमवार-गुरुवारच्या डायलिसिसच्या बॅचचा हा रिवाजच होता. भिंतीवरच्या टीव्हीवर जो लागेल तो सिनेमा वर्षभर बघायचा आणि डिसेंबर संपता संपता सगळ्यांना मार्क द्यायचे. अक्षता दहावीत होती. शाळेत मार्क घ्यावे लागायचे, द्यायला मिळायचे ते फक्त इथं. ती कसली सोडतेय!

पण आज दीपाली सिस्टरनं आधीच दम भरला होता. खिडकीजवळच्या कॉटवर नवे पेशंट येणार होते. नागोराव, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेले. “चार-पाच वेळा मशीन लावलं की किडन्या पुन्हा चालू होतील, असं मुलानं त्यांना सांगितलंय. त्या आता चालू व्हायच्या नाहीत. मुलगा हळूहळू सांगणार आहे म्हणतो. तोवर कुणी काही बोलायचं नाही. अक्षता, विशेषतः तू.”

“मी? मी कधी काही बोलते का?”

आनंदीबाईंना खोकला आला होता.

म्हणून अक्षतानं आज ठरवूनच टाकलं होतं, सिनेमे सोडून दुसरा विषयच काढायचा नाही.

नागोराव आता त्या खिडकीजवळच्या कॉटवर पडून टीव्ही बघत होते. त्यांच्या हाताला काही नव्हतं, मानेत एक नळी होती, चिकटपट्टीनं बसवलेली. मान न हलवता ते एकदम म्हणाले, “तो बंगल्याचा सिनेमा होय? मी बघितलाय तो. ब्लॅकनं तिकीट काढून. भूत नाही नि नर्सही नाही, तो धाकटा दीर असतो. शेवटी कळतं की.”

“काय?” अक्षता अशी उसळली की मशीन ओरडायला लागलं. सिस्टरनं येऊन ते गप्प केलं. “तो चष्मेवाला? बिचारा गरीब दिसणारा?”

“मला वाटलंच होतं,” आनंदीबाई म्हणाल्या.

“काहीही हं, आजी! आत्ता नर्स म्हणालात!” अक्षता खिडकीकडे वळली. “काका, आणि तो दोन भावांचा? एकजण दुबईला असतो तो? ते भेटतात का हो?”

“भेटतात. आई गेल्यावर.”

“अरेरे. आणि घाटात बस बंद पडते तो?”

“दरीत जाते बस. ड्रायव्हर तेवढा वाचतो.” नागोराव आता चक्क हसत होते. “अगं पोरी, वर्षभर सिनेमे बघितलेस आणि एकाचाही शेवट ठाऊक नाही? मग मार्क कसले देतेस?”

“काय करणार? एवढ्या जाहिराती लावतात! शेवट यायच्या आत आमचे चार तास भरतात. सिस्टर सुया काढून हाकलतात, पुढच्या बॅचला कॉट लागते ना! मागच्या वर्षी तर...”

ती थांबली. आनंदीबाई छताकडे बघायला लागल्या. टीव्हीवर कुणीतरी पांढराशुभ्र शर्ट झटकत होतं.

नागोरावांच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं होतं, नुसतं राहिलं होतं. त्यांनी अक्षताच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मनगटापासून कोपरापर्यंत शीर, वर्षानुवर्षं सुया टोचून अंगठ्याएवढी फुगलेली. मग आनंदीबाईंच्या हाताकडे. तिथंही तशीच. मग त्यांची बोटं स्वतःच्या मानेवरच्या चिकटपट्टीशी गेली.

“मागच्या वर्षीही,” ते म्हणाले.

न पाहिलेल्या शेवटांच्या जागी अक्षता दर वेळी आपले शेवट रचायची, एकाला तीन-तीन. आत्ता एकही सुचेना. “माझं वेगळं आहे, काका. माझं लहानपणापासूनचं आहे. तुमचं तसं नाही काही.” बोलताना तिचा आवाज तिलाच कुणा दुसऱ्याचा वाटला.

“या कॉटवर माझ्याआधी कोण होतं?”

“अय्युबचाचा.”

“बरे झाले?”

अक्षतानं आनंदीबाईंकडे पाहिलं.

“त्यांना गाण्यांचे सिनेमे आवडायचे,” आनंदीबाई म्हणाल्या.

त्यानंतर कुणी नंबर काढले नाहीत. सिनेमा चालू राहिला.

चार तास भरले तसा काचेचा दरवाजा ढकलून नागोरावांचा मुलगा प्रज्ञेश आत आला. गळ्यात हिंजवडीच्या कंपनीचं कार्ड, हातात वाजणारा मोबाईल. तो त्यानं तसाच खिशात कोंबला. “बाबा, झालं की! दमला नाहीत ना? आता तीन-चारदाच यायचं, मग सुट्टी!” एका दमात बोलला, सगळं कॉटच्या पायाकडे बघून.

नागोराव त्याच्याकडे बघत राहिले.

“तीन-चारदाच ना?” ते म्हणाले. “मग काय, हां हां म्हणता होईल.”

प्रज्ञेशचे खांदे खाली आले. तो चक्क हसला. “रिक्षा आणतो,” म्हणाला आणि जिन्यानं धावतच खाली गेला. त्याच्या बुटांचा आवाज मजल्यामजल्यावरून येत होता. तो अगदी बंद होईपर्यंत नागोराव हसऱ्या चेहऱ्यानं दाराकडे बघत बसले होते.