सात नंबरचा माइक

सात नंबर सुरू करायचा नाही, असं बाईंनी स्वतःच्या हाताने चिकटपट्टीवर लिहून ती साउंडवाल्याच्या मिक्सरवर लावली होती. नाटक बाईंचं, त्यामुळे शब्दही त्यांचाच. चार प्रयोग झाले, त्याने सात नंबरला बोटही लावलं नव्हतं. आज पाचव्या प्रयोगाला मात्र त्याचं लक्ष सारखं तिकडेच जात होतं.

सात नंबर म्हणजे पायरीचा माइक. मुलांच्या त्या गाण्यांच्या नाटकात एका जिन्याची गोष्ट होती, आणि नऊ वर्षांची एक मुलगी त्यातली सगळ्यांत खालची पायरी झाली होती. पाऊण तास उकिडवं बसून न हलणारं दुसरं मूल बाईंना सापडलं नाही, म्हणून काम तिला मिळालं. तालमीपासून तिला कुणी नावाने हाक मारेनासं झालं. पायरी, पाणी पी. पायरी, तुझी लेस सुटलीय. बसायची छान, पण गायला लागली की सूर एका गल्लीत आणि ही दुसऱ्या. आणि शेवटचं गाणं नेमकं तिचं. कुणी कमी नसतं, जो तो आपल्या जागी मोलाचा असतो, हे सांगायलाच तर नाटक होतं.

बाईंनी तोडगा काढला. गोड गळ्याच्या दुसऱ्या एका मुलीकडून त्या ओळी आधीच रेकॉर्ड करून घेतल्या. पायरीला सांगितलं, मागून आधाराला जरा रेकॉर्ड वाजते, तू आपली गा. माइकचा डबा तिच्याही कमरेला बांधायचा, त्यावरचा हिरवा दिवाही लागायचा. मुलांना स्वतःची किंमत कळावी म्हणून केलेल्या नाटकात हा उद्योग चालला होता, आणि त्यात साउंडवाल्याचाही हात होता.

चार प्रयोग त्याला त्याचं फारसं काही वाटलं नाही. आज वाटायचं कारण तिसऱ्या रांगेत बसलं होतं. पायरीचे वडील ट्रक चालवायचे, महिन्यातले वीस दिवस बाहेर. आज पहिल्यांदाच त्यांना जमलं होतं. नाटक सुरू व्हायच्या आधी ते मुद्दाम त्याच्या टेबलापाशी येऊन गेले.

"मला यातलं काही कळत नाही, दादा," ते म्हणाले. "पण तिचं गाणं फोनवर रोज ऐकतो. डोळे मिटून ओळखीन."

साउंडवाला पेचात पडला. रेकॉर्ड वाजवावी तर बाप ओळखणार, आणि घरी गेल्यावर पोरीला विचारणार. माइक सुरू करावा तर बाई उद्यापासून दुसरा माणूस आणणार. विचार करता करता शेवटचं गाणं आलंच. वरच्या पायऱ्या उभ्या राहिल्या. खालची बसूनच होती. तिने श्वास घेतला. त्याने चिकटपट्टी उचकटली, रेकॉर्डचा आवाज बंद केला आणि सात नंबर वर सरकवला.

"मी आहे म्हणून जिना..."

खरखरीत, बेसूर, मोठा आवाज सभागृहभर झाला आणि तिथेच थांबला. भर रस्त्यात मागून कुणीतरी नावाने हाक मारावी तशी पायरी दचकली. तोंड उघडं, आवाज नाही. संगीत तिच्याशिवाय पुढे चाललं. गा, बाळा, गा, असं साउंडवाला मनात म्हणत राहिला. मग त्याच्याने राहवेना. त्याने सात नंबर खाली ओढला आणि रेकॉर्डचा आवाज पुन्हा सोडला. "पहिलं पाऊल पडतं ते माझ्याच पाठीवर," गोड आवाज म्हणाला. पायरीने तोंड मिटून घेतलं होतं.

टाळ्या व्हायच्या तशा झाल्या. लोकांना काही कळलं नाही. बाईंना कळलं. हेडफोनमधून त्यांनी त्याला अगदी हळू आवाजात सांगितलं, की माणसाने आपली पायरी ओळखून राहावं.

पडदा पडल्यावर मुलगी डबा परत द्यायला आली.

"काका, तुम्ही माझा माइक का सुरू केला?"

तो बंद असतो हे तुला ठाऊक होतं का, असं त्याने कसंबसं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. बाकीच्यांचा आवाज समोरून परत येतो, माझा येत नाही." ती डब्याची वायर गुंडाळत होती. "बंद असतो म्हणून तर मी जोरात गाते."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चार प्रयोग ही पोर कुणाला ऐकू न जाता पोटभर गात होती, आणि आज त्याने तेही घालवलं होतं. त्याला मान वर करवेना.

तेवढ्यात वडील आले. त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"सुरुवात हिची होती," ते म्हणाले. "पुढचा आवाज गोड होता. पण तो आमच्या घरातला नव्हता."

साउंडवाल्याने काही लपवलं नाही. सगळं सांगून टाकलं. वडील ऐकत राहिले. पायरी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"बेसूर होतं ना?" तिने विचारलं.

"होतं," वडील म्हणाले. "फोनवरही असतंच की."

तिने डबा टेबलावर ठेवला, पण हात त्यावरून काढला नाही.

"काका, उद्या तेवढे चार शब्द सुरू ठेवा," ती म्हणाली. "पुढचं परवा बघू."

समोरून बाई तरातरा येत होत्या. साउंडवाल्याने नवी चिकटपट्टी फाडली, सात नंबरखाली लावली आणि तिच्यावर लिहिलं, चार शब्द.